हमीदाचे राहिलेले रोजे

हमीदा,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून लग्नापासून आजपर्यंत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तू नेरला माहेरी जाऊन बसायचीस तेव्हाही माझा निरोप बसच्या कंडक्टरबरोबर तोंडीच जायचा, "पिंजाऱ्याच्या बायकोले सांगा, वापस ये म्हणा, पोट्टी रडून राह्यली." पोट्टी रडत नसायची. ते तुला कळायचं आणि कंडक्टरलाही कळायचं. आता मात्र लिहायला बसलो आहे. आता तरी तुला कुठं वाचता येणार, एवढी अक्कल मला आहे. पण तू गेल्यापासून या घरात माझ्याशी भांडायला कोणी नाही, आणि भिंतीशी भांडावं इतका मी अजून वेडा झालो नाही.

सगळं गाव भेटून गेलं. बाजाराच्या दिवशी तर खेड्यापाड्यांतली जुनी गिऱ्हाइकंही येऊन बसली. प्रत्येक जण विचारतो, "काय झालतं भाबीले?" आणि मी सांगतो, "ताप." पहिल्यांदा तोंडातून निघून गेलं, मग तेच सांगत राहिलो. निम्म्या घाटंजीच्या लेखी तू तापानं गेलीस. एकानं तर मला काढ्याची कृती सांगितली, पुढच्या वेळी कामी पडेल म्हणाला. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस. मला हसू आलं नाही. माझी बायको रक्त जाऊन जाऊन मेली, हे चार माणसांत बोलता येत नाही, आणि बोलल्याशिवाय छातीवरचा दगड हलत नाही. म्हणून हा कागद.

मला स्वतःला तरी ते कुठं माहीत होतं? एका घरात राहून मला ते वकिलीणबाईंच्या गादीमुळे कळलं.

आठवतं ना? लेकीच्या लग्नाची गादी भरायला त्यांनी घरचा कापूस पाठवला होता. आमच्या धंद्यात अब्रू एवढीच असते की जेवढा कापूस आला तेवढा परत गेला पाहिजे, कचऱ्याची घट सोडून. मी दिवसभर पिंजणाची तात वाजवली, ढीग कसा दुधाच्या सायीसारखा फुलून आला, आणि संध्याकाळी वजन केलं तर कमी. वकिलीणबाई काही कमी बोलणाऱ्या नव्हत्या. भर पेठेत उभ्या राहून म्हणाल्या, "पिंजाऱ्यानं कापूस खाल्ला!" मीही कमी नव्हतो. म्हटलं, "बाई, बैलसुद्धा सरकी खातो, कापूस खात नाही. मी बैलापेक्षा गेलेला दिसतो काय तुम्हाला?" लोक हसले. तू पोत्याच्या पडद्यामागं उभी होतीस आणि तुझे पाय मला खालून दिसत होते. ते पाय हलत नव्हते.

माझ्या पदरचा कापूस घालून मी वजन भरून दिलं. जेवायला बसलो, तरी तोंडाचा पट्टा चालूच होता. उंदीर असतील, मांजरानं नेला असेल, पेठेतल्या पोरांनी पळवला असेल. सगळ्या जगावर आळ घेऊन झाला तेव्हा तू खाली मान घालून म्हणालीस, "तो कापूस मी घेतला."

"कायले?"

"धडुते पुरत नाही."

जुन्या लुगड्याच्या चिंध्या कशाला पुरायच्या, मला एकदम समजलंच नाही. मग समजलं, आणि घास हातात राहिला. मी विचारलं, कधीपासून. तू म्हणालीस, जुबेदाच्या मागचं मूल पोटातच गेलं तेव्हापासून. म्हणजे पोरगी गुडघ्याएवढी होती तेव्हापासून, आणि आता तर तिला स्थळं सांगून येऊ लागली होती. महिन्यातले मोजके दिवस तू कोरडी असायचीस, आणि बाकीचे दिवस पाणी भरत होतीस, भाकरी थापत होतीस, माझ्या रजयांना टाके घालत होतीस. मी रोज तुझ्या शेजारी बसून त्याच रजईचं दुसरं टोक धरत होतो.

त्यानंतर मी एक गोष्ट केली, आणि आपण दोघांनीही तिचं नाव कधी काढलं नाही. परसदाराजवळ टोपलीत चांगला पिंजलेला, कचरा वेचलेला कापूस मी वेगळा ठेवू लागलो. तू तो न्यायचीस, मी परत भरायचो. टोपली किती लवकर रिकामी होते यावरून मला तुझी तब्येत कळायची. बायकोचं दुखणं टोपलीवरून ओळखणारा नवरा मीच पहिला असेन. पण खरं सांगू? सगळ्या संसारात मी तुझ्यासाठी केलेलं तेवढंच एक काम मला आजही बरं वाटतं.

दवाखान्यात जायची हिंमत मात्र आपल्या दोघांतही नव्हती. ती शेजारच्या यमुनाबाईची. तिच्या घरच्यांनी नवा धम्म घेतला, देव उचलून नदीत सोडले, आणि त्याबरोबर विटाळचांडाळही सोडला. तेव्हापासून तिला कशाचीच लाज राहिली नव्हती, असं तू म्हणायचीस, आणि ते म्हणताना तुझ्या आवाजात थोडा हेवा असायचा. ती सरळ दुकानात येऊन मला म्हणाली, "भाऊ, बाईच्या अंगावरून जाते म्हंजे नळ नाही, का तोटी फिरवली अन् बंद झालं. पांढरीफटक झाली ते. यवतमाळले न्या." मी दुकानातल्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. गिऱ्हाईक छताकडे पाहत होतं.

आपण गेलो. डॉक्टरीणबाईंनी तुला तपासलं आणि मग मला आत बोलावून सांगितलं, की पिशवी आतून साफ करू, क्युरेटिंग म्हणतात, भूल देऊन करतात, एका दिवसात मोकळी होईल. मी बाहेर बाकावर बसलो. माझ्या डोळ्यांसमोर पातेल्याचा तळ कालथ्यानं खरवडतात तसं काहीतरी येत होतं. तू बाहेर आलीस ती अर्धवट गुंगीत, आणि पहिलं काय बोललीस, तर "तुमी जेवले का?"

ते महाराष्ट्र झाला त्या वर्षीचं. गावात पेढे वाटत होते आणि आपल्या घरात त्याहून मोठा सण होता. सगळा उन्हाळा तुझा सुखाचा गेला. तू मुसल्ला, नमाजाची चटई, गुंडाळून ठेवलाच नाहीस. पाचही वक्ताची नमाज. मी चिडवायचो, "आता अल्लामियाँ म्हणत असतील, ही बाई मला दम घेऊ देईना." तू रागावायचीस, पण तुझ्या गालांवर रंग आला होता. मी वेड्यासारखा समजून चाललो की झालं, संपलं.

पावसाळ्यात टोपली परत रिकामी होऊ लागली.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाई जास्त वेळ बोलल्या. पिशवीत गाठ आहे म्हणाल्या, चांगल्या पेरूएवढी. परत साफ केलं तर दोन-चार महिने बरे जातील, पुढं पुन्हा तेच. नागपूरला किरणांचा शेक देऊन पाळी कायमची बंद करतात, पण एवढी मोठी गाठ असताना त्यांना ते पटत नव्हतं. गाठ तेवढी काढून पिशवी ठेवता येते, पण त्यात रक्त फार जातं, आणि हिच्या अंगात घालवायला रक्तच कुठं आहे? राहता राहिला एक उपाय. पोट उघडून पिशवीच काढून टाकायची. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "घाबरू नका, पुष्कळ बायकांची काढतो." मी घाबरलो नाही असं म्हणालो, आणि माझी टोपी त्यांच्या टेबलावरच विसरलो.

परतीच्या बसमध्ये आपलं भांडण झालं. ते अजून संपलं नाही. मी म्हणालो, परत एकदा साफ करून घेऊ, नाहीतर नागपूरला जाऊ. तू म्हणालीस, नाही, एकदाची काढूनच टाका.

"कापसातली सरकी काढली तं कापूस वाया जाते का?" तू मलाच माझा धंदा शिकवलास.

"बाईची पिशवी म्हंजे सरकी नोय."

"ते काय आहे ते मले माहीत आहे. तुमच्या पोटात नाही, माह्या पोटात आहे."

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. पऱ्हाटीला बोंडं फुटली होती, दोन्ही बाजूंनी रान पांढरं. मग तू हळूच विचारलंस, "पोरगा पायजे म्हणून नाही म्हणून राह्यले का?" आणि नेमकी तेव्हा बस खड्ड्यात आदळली, मागच्या बाईची कोंबडी ओरडली, कंडक्टर ओरडला, आणि माझं उत्तर राहून गेलं. तू परत विचारलं नाहीस. मीही आपणहून बोललो नाही. तू काय समजून बसलीस ते मला माहीत नाही. आज सांगतो. पोरगा नको होता मला. मला भीती वाटत होती, बस. उघडलेलं पोट परत मिटेल की नाही, तू त्या खोलीतून बाहेर येशील की नाही, एवढीच भीती. पुरुषाला पोरगा पाहिजे म्हणणं सोपं असतं, मला भीती वाटते म्हणणं जड जातं.

शेवटी मी हो म्हणालो. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्या कमी रक्तावर मी पोट उघडणार नाही. आधी रक्त वाढवा. लोहाच्या गोळ्या, गूळ, पालक, कलेजी. थंडी पडली की या, तेव्हा करू. म्हणजे आता सगळं तुझ्या खाण्यावर आलं होतं. मला एकदम हुरूप आला. डॉक्टरकीतलं मला काही कळत नव्हतं, पण कलेजी आणणं कळत होतं! खाटकाकडे मी सकाळी पहिला जाऊन उभा राहायचो. तो विचारायचा, "उस्मानभाई, पैलवानी सुरू केली का?" मी म्हणायचो, हो.

तू कलेजी शिजवायचीस. घरभर वास सुटायचा. मी दुकानात बसून त्या वासावर खूश. दुपारी घरात आलो की तू म्हणायचीस, "माह्यं झालं जेवण," किंवा "भूक नाही अजून, मंग खाते." मी तुझ्या नखांकडे पाहायचो, पांढरीच. ओठांकडे पाहायचो, तेही पांढरे, आणि कोरडे. म्हटलं, पी हळद अन् हो गोरी असं थोडंच असतं, वेळ लागेल.

मग एके दुपारी यमुनाबाई वाडगा परत द्यायला आली. तू मागं कपडे वाळत घालत होतीस. ती मला म्हणाली, "भाऊ, भाबीच्या हातची कलेजी लय मस्त! माह्या पोट्ट्याईची तं मजा झाली. पण रोज रोज कायले पाठवता, मले लाज वाटते ना."

तिला काही माहीत नव्हतं. माझ्या चेहऱ्यावर तिनं काय पाहिलं कोण जाणे, वाडगा ओट्यावर ठेवून ती निघून गेली.

मी मागं गेलो. तू दोरीला धरून उभी होतीस. मी विचारलं, कलेजी कोण खाते? तू खोटं बोलली नाहीस. म्हणालीस, "मी रोज्यानं आहे."

"रमजान गेला ना?"

"रमजानातलेच आहे. राहून गेले ते."

तेव्हा सगळं बाहेर आलं. अंगावरून जात असताना रोजा धरता येत नाही, नमाज पढता येत नाही. नमाज माफ असते, पण सुटलेले रोजे नंतर भरून काढावे लागतात. इतर बायका रमजाननंतर ते पाच-सहा रोजे भरून मोकळ्या होतात. तुझा दरवर्षी जवळजवळ अख्खा रमजान सुटायचा, वर्षानुवर्षं. एवढे रोजे डोक्यावर घेऊन तू फिरत होतीस, आणि पोट उघडायचं ठरल्यावर तुला घाई झाली होती.

"तिथं टेबलावरच मेली तं?" तू म्हणालीस. "वरती काय सांगू? कलेजी खात होती म्हणू?"

मी कपाळावर हात मारला. कोरडे दिवस तुला महिन्यात मिळायचेच किती थोडे! त्याच दिवसांत अंगाला रक्त धरायला वेळ मिळायचा, आणि नेमके तेच दिवस तू उपाशी काढायचीस. रक्त जात असायचं तेव्हा मुकाट्यानं सगळं खायचीस, कलेजीसुद्धा, कारण तेव्हा रोजा चालत नाही. एका हातानं भरायचं, दुसऱ्या हातानं ओतायचं. हमीदा, कितीही हुशार दुश्मन असता तरी त्याला तुला मारायचा याहून चांगला रस्ता सापडला नसता. आणि तू तो देवाच्या भीतीनं शोधलास.

मी म्हणालो, बीमार माणसाला सूट असेल, मी मौलानांना विचारून येतो. तू एकदम तापलीस. इतकी तापलेली मी तुला कधी पाहिली नव्हती.

"काय विचारान? माह्या बायकोच्या अंगावरून जाते, म्हणान? मशिदीत? पुऱ्या जमातीसमोर? मले तुमच्या संगं नमाज पढणाऱ्याईच्या घरी तोंड दाखवाचं आहे. माह्या डोक्यावर हात ठेवा. कोणाले नाही विचाराचं. कसम खा."

मी हात ठेवला. तुझ्या केसांखाली टाळू गरम लागली. कसम खाल्ली आणि पाळली. आयुष्यात मी तुझं फार थोडं ऐकलं, आणि ऐकलं ते नेमकं हे. इकडे आड, तिकडे विहीर अशी माझी गत. कसम मोडावी तर तुझा विश्वास जातो, पाळावी तर तू जातेस. यमुनाबाईला कळलं तेव्हा ती ओट्यावर बसून रडली. "मले मालूम असतं तं माह्या लेकराईच्या घशाखाली उतरू दिली असती का म्या?" ती तुझ्याशीही खूप बोलली. म्हणाली, आमी तं सारं सोडलं, काही झालं नाही. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तुमी सोडलं, बाई. मले सोडाचं नाही." तू मला कबूल केलंस की आता रोजे धरत नाही. मला ते खरं वाटलं नाही, आणि खरं वाटत नाही असं म्हणायचा धीरही झाला नाही.

थंडी पडली तेव्हा आपण गेलो. रक्त आधीपेक्षा कमी निघालं. डॉक्टरीणबाई संतापल्या, "काय खाता तरी काय तुम्ही?" तू म्हणालीस, "सगळंच खाते, बाई." मी भिंतीवरच्या पाटीकडे पाहत उभा. त्यांनी तुला घरी पाठवलं नाही. रक्त देऊन करू म्हणाल्या. माझं रक्त जुळलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढं तरी जुळायला हरकत नव्हती! तुझा भाऊ नेरहून धावत आला आणि त्यानं दिलं. ते तुझ्या अंगात थेंब थेंब उतरत होतं तेव्हा तू त्याला म्हणालीस, "भाऊ, आता मी तुह्यावानी भांडखोर होईन." आपण तिघंही हसलो. ऑपरेशन दोन दिवसांवर ठेवलं होतं.

तेवढाही धीर तुझ्या अंगाला धरवला नाही. सकाळी मी चहा घेऊन आलो तर तुझ्या खाटेभोवती धावपळ. तू मला पाहून हात उचललास. म्हणालीस, "वकिलीणबाईची रजई देऊन टाकजा, थंडी सुरू झाली." मी "हाव" म्हटलं. बस, एवढंच. चारचौघांसारखं काही बोलावं, तर आपण रजईवर बोललो. तुला आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी जिवाचं रान केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं, त्यांचा काही दोष नाही. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "चाकू लावायच्या आधीच गेली हो." पिशवी तुझ्याबरोबरच गेली. ना माझं खरं झालं, ना तुझं.

घरी बायकांनी तुला न्हाऊ घातलं. मला आत जायचं काम नव्हतं. पडद्याआडून आवाज आला, कापूस द्या. मी दिला. थोड्या वेळानं परत आवाज आला, आणखी द्या. मी दिला. मग दुकानात होता तेवढा सगळा उचलून आत सरकवला, गिऱ्हाइकांचासुद्धा, आणि ओट्यावर बसलो. कोणीतरी विचारलं, "काय झालतं?" मी म्हणालो, "ताप."

काल मी मौलानांकडे गेलो. तू जिवंत असेपर्यंतची कसम होती असं मनाशी ठरवलं. ते म्हातारे मशिदीच्या ओसरीत उन्हाला बसले होते. मी आधी पिकापाण्याचं बोललो. मग डोळे मिटून सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता रागावतील, कानांवर हात ठेवतील. त्यांनी कसलाही संकोच केला नाही. जसं कोणी वजू मोडते कशानं असं विचारावं, तसं शांतपणे सांगू लागले. बीमाराला रोजा नाही. आधी इलाज, रोजे बरं झाल्यावर. बरी होणारच नसेल, तर एका रोज्यामागं एका गरिबाला जेवण, त्याला फिदिया म्हणतात. आणि दहा दिवसांपलीकडे रक्त जात असेल तर ती पाळी नव्हे, तो आजार. त्यात बाईनं दर वक्ताला वजू करून, हातपाय-तोंड धुऊन, खुशाल नमाज पढावी.

"खुशाल?" मी विचारलं.

"हाँ. कौन रोकता?" ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बेटा, ये बात पहले कायको नहीं पूछा?"

हमीदा, तू त्या गुंडाळलेल्या मुसल्ल्याकडे पाहत बसायचीस ना, कोपऱ्यात, गुडघ्यांना मिठी मारून? सगळ्यात जास्त भ्यालेली असायचीस तेव्हाच तू अल्लाशी बोलायची नाहीस, तुला वाटायचं तुला मनाई आहे. मनाई नव्हती. कुठंच नव्हती. ओसरीपासून आपलं घर हाकेच्या अंतरावर आहे. एवढ्या अंतरात तुझा जीव गेला.

मौलाना म्हणाले, फिदिया देऊन टाक, दिल हलका होईल. राहिलेले रोजे किती होते? मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, अंदाजे सांग. किती वर्षांचे, दर वर्षी किती सुटायचे, मरायच्या आधी किती धरून झाले होते? मला एकाचंही उत्तर येत नव्हतं. पेठेतल्या प्रत्येक घराच्या गादीत किती कापूस आहे ते मी झोपेतसुद्धा सांगेन. मी उठलो आणि सलाम करून घरी आलो.

जुबेदानं ताट वाढलं. माझंच. मी विचारलं, "तुझं?" ती म्हणाली, "भूक नाही, मंग खाते."

मी घास खाली ठेवला. ती माझ्याकडे पाठ करून चुलीत लाकडं सारत होती. बापानं लेकीशी या विषयावर बोलल्याचं आपल्या सात पिढ्यांत कोणी ऐकलं नसेल. तरी मी बोललो. तिच्या पाठीशीच बोललो. तिची अम्मी कशानं गेली ते सांगितलं, ताप नव्हता म्हणालो. मौलाना जे बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. रोजे, इलाज, दहा दिवस, सगळं. ती अर्ध्यातच उठली, "अब्बा, तुमी काय बोलून राह्यले!" म्हणाली आणि आत पळाली. पडदा हलत राहिला. मला वाटलं, मी मूर्खपणा केला. तू असतीस तर मला फाडून खाल्लं असतंस.

ताटावर माशी बसली होती. ती हाकलायलाही हात उचलेना. मग पडद्यामागून तिचा आवाज आला, इतका बारीक की मी श्वास रोखून ऐकला.

"अब्बा. दहाच्या वरती गेले तं बीमारी म्हंतेत?"

"हाव, बेटा."

मी ताटावरची माशी हाकलली.

"मंग मले डॉक्टरीणबाईकडे न्या."

उद्याच्या पहिल्या बसनं आम्ही यवतमाळला जातो आहोत, हमीदा.